त्रेसष्ट नंबरचा मुलगा

डेस्मंडच्या नावाची पाटी घरापुढच्या हिरवळीत रोवली गेली आणि इमानीच्या पोटात दुखायला लागलं, ते काही थांबेना. रेडबर्न गावात ही पद्धतच आहे. मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य संघात आला की पालकमंडळ येऊन त्याच्या अंगणात नाव-नंबराची पाटी ठोकून जातं. डेस्मंड, चोवीस. आणि त्याच घरात व्हॉलीबॉलच्या संघाची कर्णधार राहते, तिची पाटी? नाही म्हणजे नाही! उलट रोज सकाळी त्या पाटीला वळसा घालून तिला स्कूलबस गाठावी लागायची.

बरं, हा भाऊ खेळायचा तरी कुठे? तर कुठेही! बचावफळीत सगळ्यात मागे राखणीला असतो तो मुलगा आजारी पडला, घाला डेस्मंडला. पुढच्या शुक्रवारी कडेला भोक पडलं, घाला डेस्मंडला. मग मधोमध, मग थेट पहिल्या रांगेत, धिप्पाड पोरांच्या टोकाला. वय सोळा, धड जाडा नाही, धड बारीक नाही, पण जिथे उभा करावा तिथे जन्मापासून उभा असल्यासारखा खेळायचा.

"बटाटा आहेस तू," इमानी म्हणायची. "कुठल्याही भाजीत ढकला."

"ढकलतात तरी," तो तोंडात घास घेऊनच म्हणायचा. "तू मिरची. लोक ताटातून वेचून बाजूला काढतात."

डॅडी कापसाच्या जिनमध्ये मुकादम होते. मंगळवारी इमानीची मॅच असली की, "हंगाम आहे गं बाळ, गाठींचे ढीग पडलेत." शुक्रवारी मात्र त्या गाठी आपापल्या बांधल्या जात असाव्यात, कारण डॅडी साडेपाचलाच स्टेडियमच्या पायरीवर हजर!

ऑक्टोबरात एका कॉलेजने कोच स्टोवॉलना कळवलं, डेस्मंडच्या खेळाची फिल्म पाठवा, रविवारपर्यंत. आमच्या संघात जागा एकच आहे. आता शाळेत फिल्म कापून जोडण्यात इमानीचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोच तिला म्हणाले, "सगळ्या जागा येऊ देत. आणि लाल गोल विसरू नकोस हं."

लाल गोल म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक खेळ, म्हणजे मॅचमधली एकेक चाल, सुरू होण्याआधी चित्र क्षणभर थांबवायचं आणि आपल्या मुलाभोवती गोल काढायचा. नाहीतर मैदानावरच्या बावीस पोरांत बघणाऱ्याने नजर कुठे ठेवायची? त्यातून डेस्मंड दर वेळी नव्या जागी. त्यातून हार्लनविरुद्धच्या मॅचमध्ये त्याचं नाक फुटलं होतं. रक्ताचा शर्ट घालून खेळू देत नाहीत. घोटा मुरगळून बाकावर बसलेल्या हॉलिसने आपला त्रेसष्ट नंबरचा शर्ट काढून त्याला दिला होता. तोच शर्ट घालून डेस्मंडने पहिल्या रांगेतून घुसून त्यांच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तीनदा लोळवलं.

रविवारी चर्चहून आल्यावर इमानी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. फिल्म झकास झाली होती. छत्तीस खेळ, छत्तीस गोल. डॅडी मागे येऊन उभे राहिले.

"नीट कर हं. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"डॅडी, परवा आमची शेवटची मॅच. घरच्याच मैदानावर."

"बघू," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "हे आधी होऊ दे."

बघू! चार वर्षं हेच 'बघू'! तिच्या अंगाची नुसती लाही झाली. डॅडी बाहेर गेले आणि तिने पहिला गोल पुसला. मग दुसरा. खोटं तर काही करत नव्हती ना? एकही खेळ वगळला नाही, एकही बिघडवला नाही. छत्तीस गोल तेवढे गेले. आता शोधा म्हणावं तुमचा लाडका! वर फक्त लिहिलं: डेस्मंड, नंबर चोवीस. आणि पाठवून दिली.

मंगळवारची मॅच इमानीचा संघ जिंकला. डॅडी आले नाहीत.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत हॉलिस ट्रे हातात घेऊन जवळजवळ नाचतच आला.

"मला बोलावलंय! कॉलेजने! म्हणतात, तुमचा त्रेसष्ट नंबर पहिल्या रांगेतून कसला घुसतो! मी एवढा बरा कधी खेळलो देव जाणे, पण त्या लोकांना कळत असणारच ना? आईने तर केकची ऑर्डर दिलीसुद्धा!"

"आणि डेस्मंड?" इमानीने विचारलं.

"चोवीस चपळ आहे, पण अंगाने हलका, म्हणाले. जागा एकच ना." हॉलिसचा चेहरा पडला. "मला फार वाईट वाटतंय गं. पण त्याने मला मिठी मारली."

मारलीच असेल. तसाच आहे तो! रडला असता, भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शाळा सुटल्यावर डेस्मंड घरी तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "ती फिल्म दाखव ना. कुठे कमी पडलो ते बघू."

आता मात्र तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. गोल, त्रेसष्ट, सगळं.

त्याने विचारलं, "का?"

"डॅडी माझ्या एका मॅचला येत नाहीत."

"मग डॅडींना बोलायचं होतंस! माझं नुकसान का केलंस?"

त्याचं बरोबर होतं आणि तो बरोबर आहे याचाच तिला पुन्हा राग आला. तरी तिने गोलांची फिल्म कॉलेजला पुन्हा पाठवली, सायकल काढली आणि तडक कोचचं ऑफिस गाठलं.

कोच स्टोवॉल एवढे ओरडले की बाहेर मैदानावर पळणारी पोरं थांबली. मग त्यांनी कॉलेजच्या कोचचा नंबर फिरवला आणि फोन तिच्या हातात कोंबला. "तूच निस्तर."

"सर," ती एका दमात म्हणाली, "फिल्म मी कापली. गोल मीच पुसले, भावावर जळून. चोवीस आणि त्रेसष्ट एकच मुलगा आहे. आत्ता गोलांसकट पुन्हा पाठवलीय."

पलीकडून फिल्ममधल्या बँडचा आवाज येऊ लागला. एक खेळ, दुसरा, दहावा.

"कडेचाही हाच?"

"हो सर."

"आणि तो मधला?"

"तोही."

"अरे देवा!" पलीकडचा माणूस हसायलाच लागला. "मग हा पोरगा खेळतो तरी कुठे?"

"तुम्ही ठेवाल तिथे, सर."

"शनिवारी आणा त्याला."

हॉलिसला सांगायलाही तीच गेली. तो पायरीवर मटकन बसला. म्हणाला, "वाटलंच होतं मला. केक मात्र परत देणार नाही हां." ती त्याच्याजवळ बसून राहिली.

डॅडींनाही तिनेच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तू? माझी इमानी?" ओरडले असते तर परवडलं असतं.

शनिवारी सकाळी डेस्मंड गाडीत पुढे बसला होता. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "लॅपटॉप घे आणि मागे बस. ते काहीबाही विचारतील, मला बोलता येत नाही."

ती धावत आली.

"माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

डॅडींनी गाडी आतून-बाहेरून धुतली होती, चाकंसुद्धा लखलखत होती. माझ्यासाठी कधी धुतली होती का? तिच्या मनात आलंच. ती मागे बसली आणि तिने दार जरा जोरातच ओढलं.