खंडेरावांनी बसवलेले सहा कपॅसिटर

मित्रांनो, घरातल्या कॉम्प्युटरचं झाकण तुम्ही कधी उघडलं असेल, तर आत एक मोठी हिरवी पाटी पाहिली असेल. तिला मदरबोर्ड म्हणतात. मी तसलाच एक जुना मदरबोर्ड आहे. सध्या दिल्लीत, यमुनेपलीकडच्या एका गच्चीवर, भंगाराच्या ढिगात पडलो आहे. उद्या-परवा मला ॲसिडच्या टबात बुडवतील आणि माझ्या अंगातलं चिमूटभर तांबं काढून घेतील. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती सांगायला आता वेळ थोडा उरला आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्यावर शेकडो तुकडे जोडले गेले. त्यांत प्रोसेसरच्या शेजारी उभे केलेले सहा कपॅसिटर होते. कपॅसिटर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी गोल डबी. गच्चीवरची टाकी जसं पाणी साठवते, तशी ही डबी वीज साठवते आणि प्रोसेसरला न अडखळता पुरवते. ते सहा जण ज्याने निवडले, त्याने आत कसला द्रव भरला आहे याची चौकशी केली नव्हती. बाहेरून ते चकचकीत होते, एवढं त्याला पुरलं. चुकीची निवड माझ्या नशिबी दोनदा आली, त्यातली ही पहिली.

सन दोन हजारमध्ये नेहरू प्लेसच्या बाजारातून मला खंडेरावांनी घरी आणलं. खंडेराव मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गावी परत न जाता ते गुडगावजवळ पालम विहारमध्ये दोन खोल्या घेऊन राहिले. समोरच्या शेतांमध्ये तेव्हा रोज एक नवी काचेची इमारत उगवत होती. तसल्याच एका इमारतीत ते सिक्युरिटी सुपरवायझर झाले. घरी पत्नी भीमाबाई आणि मुलगी शिवांजली. कॉम्प्युटर आणला तो शिवांजलीसाठी. ती विद्यापीठात पीएचडी करत होती.

तिचं काम काय होतं, ते नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. मानेसरच्या आसपासच्या ज्या गावांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना ती भेटायची. शेअर ऑटोत दाटीवाटीने बसून जायची, चुलीपुढे बसायची आणि त्यांचं बोलणं टेपवर घ्यायची. कुणाच्या शेताला काय नाव होतं, पेरणीच्या वेळी काय गात, लग्नात कुठल्या विहिरीची पूजा होत असे. "लिख ले बेटी," एक म्हातारी तिला म्हणाली होती, "म्हारे पाछै कौन बतावैगा?" आमच्यामागे हे कोण सांगणार, असं तिचं म्हणणं. ही वाक्यं शिवांजलीच्या बोटांतून माझ्याकडे आली. कॅसेटी तिच्याकडे चारच होत्या. काटकसरीच्या घरातली पोर ती. एक मुलाखत टाइप झाली की तीच कॅसेट पुसून ती पुढच्या गावाला न्यायची. अशा एकसष्ट बायका माझ्या शेजारच्या हार्ड डिस्कवर जमल्या. त्यांच्यासाठी दुसरी जागा जगात कुठेच नव्हती.

तीन वर्षं मी इमानेइतबारे राबलो. मग मला थकवा येऊ लागला. कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा, दोन-तीनदा बटण दाबल्यावर कुरकुरत उठायचा. एका रविवारी खंडेरावांनी झाकण उघडलं. सहाही कपॅसिटरांची डोकी फुगली होती आणि दोघांच्या डोक्यातून तपकिरी द्रव गळत होता.

"सापडला आजार!" खंडेराव खूश झाले. "एवढंच ना? घरच्या घरी करतो."

"बाबा, नवीन बोर्डच घेऊ या ना," शिवांजली म्हणाली. "थीसिस आहे यार यात सगळा."

"अगं, बर्फात तंबूत बसून सेट चालू केलेत मी. हे तर खेळणं आहे."

त्यांचा अभिमान खोटा नव्हता, मित्रांनो. हात खरोखर सोन्यासारखा होता. पण वायरलेसच्या वर्कशॉपमध्ये त्यांना एक सवय जडली होती. मूळचा सुटा भाग मिळाला नाही तर त्याच्यापेक्षा एक नंबर दणकट भाग टाकायचा, म्हणजे सेट पुन्हा परत येत नाही. ही सवय त्यांना चोवीस वर्षांत एकदाही दगा देऊन गेली नव्हती. इथे मात्र ती आमच्या मुळावर आली.

मला पिशवीत घालून ते लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात गेले. दुकानदाराने माझ्याकडे एक नजर टाकली आणि काउंटरवर दोन तऱ्हेचे कपॅसिटर ठेवले. एक बारीक, एक चांगला जाडजूड.

"ये पतला वाला लो जी, मदरबोर्ड का यही आता है," तो म्हणाला.

खंडेरावांनी तो बारीक तळहातावर घेतला आणि हसले. "ये इतना सा? दूसरे में नंबर वही है, वोल्ट चार गुना. मज़बूत तो यही हुआ ना?"

"मज़बूत है, पर काम अलग है, अंकल. वो रेडियो-टीवी का है. बोर्ड गरम चलता है, उसमें—"

"भाई, मैं फ़ौज में यही करता था."

फौजेचं नाव निघालं तसे दुकानदाराने बारीक कपॅसिटर परत डब्यात टाकले. त्याने जाडे सहा पुडीत बांधले. मी पिशवीतून ओरडत होतो, पण पाट्यांना तोंड नसतं.

त्या दुकानदाराला जे सांगायचं होतं, ते मी सांगतो. टाकीत पाणी किती मावतं, ते डबीवर लिहिलेलं असतं. फुटण्याआधी ती किती दाब सोसेल, तेही लिहिलेलं असतं. पण तिची तोटी किती मोकळी आहे, हे त्या दोन आकड्यांत कुठेच नसतं. रेडिओला वीज संथपणे लागते, तिथे अरुंद तोटी चालून जाते. माझ्या प्रोसेसरला एका सेकंदात लाखो वेळा घोट लागतो. अरुंद तोटीचा कपॅसिटर तिथे स्वतःच तापतो आणि तापता तापता सुकतो. त्यातून हे सहा जण कमी उष्णता सोसणारे होते. त्यांच्या अंगावर पंच्याऐंशी अंश लिहिलं होतं. माझ्या मूळच्यांवर एकशे पाच होतं. खंडेरावांनी तेही वाचलं होतं, आणि प्रोसेसर काही पाणी उकळत नाही, असं म्हणून सोडून दिलं होतं.

घरी येऊन त्यांनी मला टॉवेलवर ठेवलं. जुने सहा अलगद काढले. नवे जाडे असल्याने शेजारीशेजारी मावेनात, म्हणून त्यांनी त्यांचे पाय लांब ठेवून त्यांना आडवं निजवलं, नेमकं प्रोसेसरच्या गरम पंख्याकडे डोकं करून. जोड असे सुबक की कारखान्यालाही लाज वाटावी. बटण दाबलं आणि मी पहिल्या झटक्यात उठलो.

भीमाबाईंनी शिरा केला. वरच्या मजल्यावरचे लोक मला बघून गेले. शिवांजलीने वडिलांच्या गळ्यात हात टाकले. मग ती म्हणाली, "बाबा, सोमवारी मी हार्ड डिस्क विद्यापीठात घेऊन जाते. माझ्या गाइड अलकनंदा मॅडम म्हणाल्यात, सगळ्याची सीडी करून ठेव."

"कशाला ती काढघाल?" खंडेराव म्हणाले. "प्रवासात धक्का लागला तर? मी बसवलेत ते. दहा वर्षं बघायला नको."

तिने वडिलांचं ऐकलं. तिच्या जागी कुठल्याही मुलीने ऐकलं असतं.

ते सहा जण आठ आठवडे टिकले. जूनमध्ये पालम विहारची ती खोली दुपारी भट्टी होते. रोज ते आतून थोडे सुकत होते आणि मला मिळणारी वीज थरथरत होती. माझी गणितं चुकू लागली होती. पडद्यावर मात्र त्याची काहीच खूण दिसत नव्हती. एका दुपारी शिवांजली शेवटचं प्रकरण सेव्ह करत असताना विजेचा तोल पार गेला. मला काय लिहायचं आहे ते मलाच कळेना, आणि जे हातून उमटलं ते मी हार्ड डिस्कवर भलत्याच जागी लिहीत सुटलो. हे पाप माझ्या हातून झालं. ते मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

नेहरू प्लेसच्या माणसाने हार्ड डिस्क चार दिवस ठेवून घेतली. त्याच्या हाती अर्धवट ओळी आणि चौकटीचौकटींचा कचरा लागला. माझ्याकडे बघून तो एवढंच म्हणाला, "सोल्डरिंग बढ़िया है. कैपेसिटर ग़लत हैं."

खंडेरावांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुलीबरोबर मानेसरला गेले. पहिल्याच घरी म्हातारीचा मुलगा दारात आला आणि म्हणाला, "ताऊ, माँ तो फागण में चली गई." त्यांनी आणखी अकरा गावं पालथी घातली. एकसष्टांपैकी तेवीस जणी गेल्या होत्या. काहींची घरंच तिथे उरली नव्हती. ज्या भेटल्या, त्यांतल्या बऱ्याच म्हणाल्या की एकदा सांगितलं, आता पुन्हा सांगवत नाही.

परत आल्यावर खंडेराव माझ्यासमोर बसून राहिले.

"शिवा, बोल काहीतरी," ते म्हणाले. "शिव्या दे मला, पण बोल."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत, बाबा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिने खरंच त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. पुन्हा सांगायला तयार झालेल्या थोड्या जणींवर तिने पातळसा प्रबंध लिहिला, तो पासही झाला. घरात कुणी पेढे आणले नाहीत.

मी कपाटावर पडून होतो, म्हणून पुढचंही पाहिलं. दिवाळीच्या आधी मिक्सर बंद पडला. खंडेराव घरातच होते, पेपर वाचत होते. शिवांजलीने मिक्सर पिशवीत घातला, पायात चपला सरकवल्या आणि ती बाजारात दुरुस्तीला घेऊन गेली. तिने त्यांना विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पेपरचं तेच पान त्यांनी बराच वेळ तोंडासमोर धरलं होतं. पुढे त्यांनी सोल्डरिंग आयर्नला आणि मला, दोघांनाही एकाच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

मित्रांनो, दुरुस्ती जरूर करा. जुनं फेकून देऊ नका, मी तर तेच म्हणणार. पण एखादा भाग बदलताना तो मूळ जागी काय काम करत होता ते आधी विचारा, अंगावरचे आकडे जुळले म्हणून खूश होऊ नका. हात कितीही चांगला असो, आपल्याला जे येत नाही ते येत नाही म्हणा. काउंटरवर उभं राहून खंडेरावांनी त्या दिवशी "आप ही बताइए" एवढं म्हटलं असतं, तर मानेसरच्या त्या तेवीस बायका अजून कुठेतरी बोलत असत्या.