अदृष्टाची पट्टी

"अक्का, चारच ओळी आहेत. स्वल्प भरभर टाइप मारा, सातला सिनेमा लागतो," म्हणत हयवदनने कागद कळफलकाशेजारी ठेवला.

कस्तुरीने चष्मा चढवला. बंगळूरच्या पीण्या भागातल्या हयवदनच्या केबलवर रोज सिनेमा लागे आणि त्याच्या तळाशी सरकणारी जाहिरातींची पट्टी कस्तुरी टाइप करी. लग्नाचे हॉल, शिकवण्या, उद्या पाणी येणार नाही, सगळं तिच्याच बोटांतून जायचं. लग्न होऊन निपाणीहून बंगळूरला आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली सोळा कोर्टाबाहेर झाडाखाली, स्टुलावर बसून वकिलांचे अर्ज टाइप करण्यात गेली. वकिलांकडे संगणक आले आणि ते काम आटलं. मग ही बाई चाळिशी उलटल्यावर संगणक शिकली आणि दोन वर्षांपूर्वी इथे लागली. पाठ टेकायला खुर्ची असलेली ही तिची पहिलीच नोकरी. त्या खुर्चीवर तिचा फार जीव होता.

कागदावर कानडीत लिहिलं होतं: इंटरनेटवर आकडा निवडा, घरबसल्या जिंका, आपलं अदृष्ट अजमावा.

'अदृष्ट' वाचून तिला हसू आलं. इथे नवी असताना एका फलकावर हाच शब्द वाचून तिने नवऱ्याला विचारलं होतं, "हे न दिसणारं काय विकतात हो?" कानडीत अदृष्ट म्हणजे नशीब, हे सांगताना योगीराजची हसून पुरेवाट झाली होती.

"हे काय आहे?" तिने समोर बसलेल्या उपेंद्रला विचारलं. जाहिरात घेऊन तोच मुंबईहून आला होता.

"गेम आहे मॅडम, एकदम नवीन कन्सेप्ट. पैसे लावायचे, कम्प्युटर नंबर काढतो."

"मग मला सांगा, एक रोजचा खेळणारा आणि एक आजच बसलेला. कोण जिंकेल?"

उपेंद्रची कळी खुलली. "तीच तर आमची स्पेशालिटी! काही शिकावं लागत नाही. दोघांनाही सेम चान्स."

"सरी," कानडीत 'ठीक' म्हणत कस्तुरीने कागद उलटा ठेवला. "मग हा जुगार."

पत्त्यांच्या क्लबांचे कितीतरी अर्ज तिने टाइप केले होते. आमच्या खेळाला कसब लागतं, नुसत्या नशिबावर तो चालत नाही, असं प्रत्येक वकील घसा फोडून सांगायचा. कायद्याची सगळी मदार त्याच्यावरच असायची: कसब असेल तर खेळ, नुसतं नशीब असेल तर जुगार. आणि हा शहाणा नेमकं उलटं सांगून मोकळा झाला होता!

"अहो, सर्व्हर फॉरेनला आहे. इथला कायदा कसा लागेल?"

"यंत्र राहू दे की तिकडं. पट्टी पीण्यातच फिरणार नव्हं? केबलवरची जाहिरात देशाच्या कायद्याला धरून पाहिजे, हा नियम मी स्वतः टाइप केलाय, तीन प्रतींत. उद्या साहेब लोक आले तर हयवदन अण्णांची मशिनं उचलून नेतील. तुम्ही असाल मुंबईला."

हयवदनचा चेहरा उतरला. पण पाहुण्यासमोर माघार कशी घ्यायची? "अक्का, तुम्ही टायपिस्ट. वकिली नको. टाइप मारता, का खुर्ची सोडता?"

तिने खुर्चीच्या हातावरून एकदा तळवा फिरवला.

"सोडते," ती म्हणाली. घरून शिवून आणलेलं झाकण तिने कळफलकावर नीट घातलं, डबा पिशवीत टाकला आणि पायऱ्या उतरली.

सात वाजता तिने टीव्ही लावला. "कशाला जिवाला त्रास करून घेतेस?" योगीराज म्हणाला. ती ऐकेना.

सिनेमा सुरू झाला. खाली पट्टी आली, अडखळत, हयवदनने एका बोटाने टाइप केलेली. हॉलच्या नावातलं अक्षर गळलेलं, पाण्याच्या सूचनेत वार चुकलेला. पट्टी तीनदा फिरली. अदृष्ट कुठेच नव्हतं.

"घाबरला की गं तुझा अण्णा!" योगीराज टाळी द्यायला पुढे झाला. तिने टाळी दिली. तिला मनापासून बरं वाटलं.

चौथ्या फेरीला शेवटी एक नवी ओळ आली. टायपिस्ट पाहिजे. इतकेच शब्द, त्यातही 'टायपिस्ट' चुकलेलं.

कस्तुरीचे डोळे भरून आले. पण ओळ सरकून जायच्या आत तिच्या बोटांनी मांडीवरच ते अक्षर दुरुस्त केलं होतं.