आठ मोजले की एक

मी एक खुळखुळा बोलतोय. हसू नका. माणसं हलवतात आणि आम्ही वाजतो, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध, हे मला मान्य आहे. पण माझ्या आयुष्यात बारा दिवस असे आले की मी अगदी कानीकपाळी ओरडून एक गोष्ट सांगत होतो, आणि घरातली शहाणी माणसं कौतुकाने माना डोलावत होती. ती गोष्ट पोटात ठेवून मला चैन पडणार नाही.

माझा जन्म लेथवर झाला. ज्याने मला घडवलं तो माणूस दिवसभरात दोन वाक्यं बोलायचा, आणि त्यातलं एक लाकडाशी. त्याने माझ्या दोन वाट्या कातल्या, आत मूठभर दाणे टाकले, सरस लावून वाट्या जुळवल्या आणि खाली दांडी बसवली. दाणे त्याने मोजले नाहीत. हाताला आले तेवढे टाकले. त्यामुळे माझ्या भावंडांपेक्षा माझा आवाज जरा जाडसर झाला. दुकानात गिऱ्हाइकं मला हलवायची आणि परत ठेवायची. त्यांना किणकिणणारे खुळखुळे हवे असायचे.

मग एक दिवस आजोबा आले. हे बँडमध्ये ड्रम वाजवणारे गृहस्थ. चाळीस वर्षं वाजवून आता घरी शिकवण्या घेत होते. त्यांनी फळीवरचा एकेक खुळखुळा कानाशी धरून हलवला, डोळे मिटून ऐकला. दुकानदाराने तीनदा घड्याळ पाहिलं. शेवटी माझी पाळी आली आणि आजोबा म्हणाले, "हा खोटं बोलत नाही. हा द्या." माझं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी पिशवीतसुद्धा ताठ मानेने बसलो.

घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आजोबांचे ड्रम, मधल्या खोलीत त्यांच्या लेकीचं शिवणाचं मशीन. लेक शर्ट शिवायची. तिला झालेली मुलगी पाच महिन्यांची होती, डोळे गोल गरगरीत, म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं गुंडी. मुलीचे वडील मालवाहू ट्रकवर होते. ते चार दिवस घरी, दहा दिवस रस्त्यावर. घरी असले की गुंडीला छातीवर झोपवून तिच्याआधी स्वतःच झोपायचे.

गुंडीचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं. ती मला चाटायची, चावायची, कपाळावर आपटून घ्यायची आणि मग माझ्याकडेच रागाने बघायची. सगळ्यात आवडता खेळ म्हणजे मला खाली टाकणं. आजोबांनी उचलून द्यायचं, तिने टाकायचं आणि खदखदून हसायचं. आजोबांची कंबर धरली तेव्हा लेकीने युक्ती काढली. तिने इलास्टिकचा मऊ पट्टा शिवला आणि मला गुंडीच्या मनगटाला अडकवून दिलं. आता मी पडत नव्हतो. तिचा हात हलला की मी वाजायचो.

त्यानंतर पंधरवडाभराने ते सुरू झालं.

दुपारची झोप झाली होती. गुंडीने डोळे उघडले. एरवी ती आधी छताकडे बघून स्वतःशीच गप्पा मारायची. त्या दिवशी तिची मान एकदम छातीकडे झुकली, दोन्ही हात बाजूंना फेकल्यासारखे उडाले, पाय पोटाशी आले आणि मी वाजलो. एका क्षणाचा खेळ. अंग लगेच सैल पडलं. मला वाटलं, दचकली असेल. तेवढ्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. तिचा हात माझ्या ओळखीचा होता, पण हे हलवणं तिचं नव्हतं. खेळताना ती मला हलवायची. आता दुसरंच कुणीतरी तिला हलवत होतं आणि तिच्याबरोबर मलाही.

आजोबा दारात उभे होते. त्यांना पाळण्याच्या कठड्यामुळे चेहरा दिसत नव्हता, फक्त माझा आवाज ऐकू येत होता. त्यांनी सवयीने बोटांवर मोजलं. आठ मोजले की एक. पुन्हा आठ मोजले की एक. बावीस वेळा. आजोबांचा ऊर भरून आला. लेकीला हाक मारून त्यांनी जाहीर केलं की या पोरीला उपजत ताल आहे, रक्तच बोलतंय, दुसरं काही नाही.

आता मला सांगा, असा घोळ दुसऱ्या कुठल्या घरात होईल? दुसरीकडे म्हणाले असते, पोट दुखतंय, नाहीतर दृष्ट लागली. इथे म्हणाले, पोरगी ड्रमर होणार.

त्या दिवसापासून आजोबा झोपेच्या वेळा साधून पाळण्याशेजारी डोळे मिटून बसू लागले. सकाळी उठली की एकदा, दुपारी उठली की एकदा, कधी संध्याकाळीही. कधी वीस वेळा, कधी तीस. त्यांचा ट्रम्पेट वाजवणारा जुना मित्र खास ऐकायला आला आणि चहा थंड करून गेला. मी जीव तोडून वाजत होतो. मला फक्त वाजता येतं, त्यात काळजीचा वेगळा आवाज काढता येत नाही, याचं मला त्या दिवसांत फार वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती, कारण मी तिच्या तोंडाजवळच असायचो. गुंडी आता मला चावत नव्हती. माझ्याकडे बघत नव्हती. आई समोर आली तरी नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे जायची. हसू कुठे गेलं ते कळेना. तिची बडबडही थांबली होती. आईच्या ते लक्षात आलं होतं, पण तिने नुकतंच पुन्हा मशीनवर बसायला सुरुवात केली होती. पोर रुसली आपल्यावर, असं तिने मनाशी धरलं आणि कुणाला बोलली नाही.

बाराव्या दिवशी आजोबांनी हौसेने छोटा ड्रम पाळण्यापाशी आणला. गुंडी उठली, मी वाजू लागलो, आजोबा बोटांच्या टोकांनी साथ करू लागले. मग गंमत म्हणून त्यांनी मुद्दाम लय बदलली. समोरचा वाजवणारा अशा वेळी चुकतो, थबकतो, निदान मान तरी वर करतो. गुंडीला काही झालं नाही. आजोबा थांबले. ती चालूच. तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. डोळे वर गेलेले. तोंड कोरं. प्रत्येक झटक्यानंतर एक बारीक रडका हुंकार, जो माझ्या आवाजाखाली बारा दिवस झाकला गेला होता.

त्यांनी लेकीला हाक मारली. ती मशीनवरून उठून आली. आजोबा म्हणाले, "ही वाजवत नाहीये. वाजवणारा ऐकतो. ही ऐकत नाहीये."

तासाभरात आम्ही गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडे होतो. तिथे गुंडी अगदी शहाण्यासारखी पडून राहिली. डॉक्टरांनी पोट चाचपलं, वायू धरला असेल, लहान मुलं दचकतातच, असं सांगून थेंबांची बाटली दिली. आईच्या जिवात जीव आला. आजोबांच्या आला नाही. रस्त्यात ते इतकंच म्हणाले की पोट दुखणारं मूल आठ मोजत बसत नाही.

त्या संध्याकाळी गुंडी झोपेतून उठली तेव्हा आई मोबाइल धरून तयार होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं तिने चित्रित केलं. गुंडीचा चेहरा आणि दोन्ही हात दिसत होते, आणि मीही, थोडासा. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही दार उघडायच्या आधी हजर. वडील ट्रक अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून थेट तिथेच पोहोचले होते.

मेंदूच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी चित्रण एकदाच पाहिलं. मग विचारलं, एका वेळी किती होतात आणि केव्हा. आईला सांगता येईना. आजोबांनी मला पट्ट्यातून सोडवलं आणि जसंच्या तसं वाजवून दाखवलं. बारा दिवसांचे सगळे आकडे त्यांना पाठ होते. बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"मी तिला दाद देत होतो," आजोबा म्हणाले. "बारा दिवस. पोर आजारी होती आणि मी दाद देत होतो."

बाई म्हणाल्या, "आजोबा, माझ्याकडे लोक दोन-दोन महिन्यांनी येतात. तुम्ही मोजत होतात, म्हणून तेराव्या दिवशीच आलात. आता रडायला वेळ नाही, तिला झोपवायचं आहे."

झोपवायचं अशासाठी की डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायचा होता. वडिलांनी तिला छातीवर घेतलं आणि नेहमीप्रमाणे आधी स्वतःच घोरायला लागले. आलेख काढणारी मुलगी म्हणाली, तारा चुकून यांना लावीन मी. त्या खोलीत आई पहिल्यांदा हसली.

आलेख मात्र हसण्यासारखा नव्हता. बाईंनी समजावून सांगितलं. हा लहान बाळांच्या अपस्माराचा एक प्रकार. बाहेरून मोठा झटका येत नाही, तोंडाला फेस नाही, म्हणून कुणाला खरा वाटत नाही. बाहेर ठेका नेमका, पण आत मेंदूच्या लहरींचा नुसता गोंधळ. मूल नवीन काही शिकत नाही आणि शिकलेलं विसरू लागतं. म्हणून उपचार आजच सुरू करायचे. पुढे काय होईल ते आत्ता सांगता येणार नाही, पण लवकर आलात हे तिच्या बाजूचं आहे.

रोजची इंजेक्शनं सुरू झाली. गुंडीचे गाल फुगून डब्यासारखे झाले, भूक राक्षसासारखी, आणि चिडचिड अशी की आजोबांनी शिंकलेलंसुद्धा तिला चालेना. मला पुन्हा मनगटावर बांधण्यात आलं. पण आता सगळे माझं न वाजणं ऐकत होते. खुळखुळ्याच्या जन्माला येऊन काय नशीब बघा. मी गप्प बसलो की घरात आनंद. पहिल्या आठवड्यात झटक्यांच्या मालिका आखूड झाल्या. दहाव्या दिवशी फक्त चार वेळा वाजलो. तेराव्या दिवशी सकाळी ती उठली आणि मी वाजलो नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. दोन आठवड्यांनी आलेख पुन्हा काढला तेव्हा आतला गोंधळही निवला होता.

पण हसू आलं नव्हतं. मी गप्प, गुंडीही गप्प. आई रोज तिच्या समोर बसून वेडीवाकडी तोंडं करायची आणि मग मशीनवर जाऊन बराच वेळ सुई ओवत बसायची.

अशात एका सकाळी मी वाजलो.

आईच्या हातातली कात्री पडली. आजोबा अर्धी दाढी करून तसेच धावले. आई मोबाइल शोधतेय, तो सापडत नाहीये, आजोबा पाळण्यापाशी मोजायला उभे. एक. दोन. तीनलाच मी पुन्हा वाजलो. मग बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोनदा. मग तिने मला तोंडात घालून बघितलं, काढलं आणि कठड्यावर आपटलं. आजोबांनी तीनदा मोजायला सुरुवात केली आणि तीनदा त्यांचा हिशोब चुकला. मग गुंडीची नजर वर गेली, त्यांच्या गालावरच्या फेसावर थांबली, आणि ती हसली.

"हिला अजिबात ताल नाही," आजोबा म्हणाले आणि खाली फरशीवरच बसले. आई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की साबण तिच्या केसांना लागला.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं मी म्हणणार नाही. गुंडी उशिरा बसली, उशिरा उभी राहिली. आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवणारी ताई यायची आणि आजोबा गुंडीपेक्षा जास्त व्यायाम करायचे. सगळ्याच मुलांचं इतकंही होत नाही, हे मला आता माहीत आहे, कारण सध्या माझा मुक्काम डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आहे. आजोबांनीच मला इथे ठेवलं. घरात याला आता कुणी विचारत नाही, तुमच्या कामाला येईल, म्हणाले.

आणि येतो बरं का. आईबाप येतात, त्यांना सांगता येत नाही नेमकं काय होतं ते. मग बाई मला उचलतात, आठ मोजतात, एकदा हलवतात. असं होतं का? बहुतेक जण म्हणतात, नाही हो, असं नाही, आणि सुटकेचा निःश्वास टाकतात. एखादी आई मात्र पहिल्या चार ठोक्यांतच पांढरी पडते. मग बाई पुढचं काही न ऐकता आलेखाच्या खोलीत फोन लावतात.

माझं एवढंच मागणं आहे. बाळ झोपेतून उठल्यावर मान झुकवत असेल, हात फेकत असेल, अंग आवळत असेल, आणि हे एकदा न होता ओळीने होत असेल, तर मोठ्या झटक्याची वाट बघत बसू नका. हसू कमी झालं असेल तर अजिबातच नाही. चित्रण करा आणि त्याच दिवशी निघा. उगाच आलो असं ठरलं तर फार छान, परत जाताना मला हलवून जा.

गेल्या आठवड्यात गुंडी तपासणीला आली. दोन वर्षांची झाली. आजोबांचं बोट धरून, पण स्वतःच्या पायांनी आत आली. बाईंनी विचारलं, किती शब्द बोलते? आजोबा म्हणाले, चार. आई, बाबा, दूध आणि ड्रमला धम. बाईंनी हसत मला तिच्यापुढे धरलं. बघ कोण आहे, म्हणाल्या. माझे दाणे आतल्या आत थरथरले.

गुंडीने मला निरखून पाहिलं. खालून, वरून, पुन्हा खालून. मग तिने मला बाजूला सारलं, बाईंच्या टेबलावरच्या रबरी शिक्क्याकडे हात पुढे केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "नको."

आजोबांनी हात वर करून एकेक बोट मिटत पाच मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. तिचा पाचवा शब्द माझ्या तोंडावर फेकला गेला. एवढा मोठा मान कुठल्याच खुळखुळ्याला मिळाला नसेल.