मुऱ्हाळी

विमलबाईंनी मोबाइल दोऱ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि त्यातला ब्लाउजचा गळा पाहून कापडावर खडूची पहिली रेघ ओढली. तेवढ्यात पडद्यावरचा गळा गेला आणि त्या जागी अर्ध्या कपड्यातली एक बाई पत्ते पिसत "लगाओ और जीतो" म्हणून ओरडू लागली. ब्लाउज टाकायला आलेल्या शाळेच्या मास्तरीणबाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी नजर छताकडे नेली. विमलबाईंनी कात्रीच्या मुठीने मोबाइल पालथा पाडला, पण पालथं पडूनही त्या बाईचं तोंड काही बंद होईना.

"हाच गळा शिवणार का हो?" मास्तरीणबाईंनी हसू दाबत विचारलं.

चार दिवसांपासून हा तमाशा चालला होता. अमडापुरात ब्लाउज शिवणाऱ्या सात-आठ जणी होत्या, पण फोनवर नमुना पाठवा आणि तिसऱ्या दिवशी तसाच्या तसा गळा घेऊन जा, असं काम एकट्या विमलबाईंचं. त्या वेड्यावाकड्या जाहिराती आल्यापासून बायका नमुना पाठवायलाही बिचकत होत्या. मास्तरीणबाई माप देऊन गेल्या, तशी ओसरीवर तुरीतले खडे निवडत बसलेल्या पुंजाजींनी घसा साफ केला. नवऱ्याचं हे घसा साफ करणं विमलबाईंच्या ओळखीचं होतं.

"मी कवाचा म्हणून राह्यलो, देऊन टाक ते डबडं. साधा बटनाचा फोन घेऊ तुले. घरातल्या बाईले कायले पाहिजे एवढा मोठा फोन?"

"माह्यं काम त्याच्यावर चालते."

"काम! साऱ्या सोयऱ्याधायऱ्यात हसू झालं. सकाळपासून पाच जणायचे फोन आले मले, तुमच्या घरी लग्न कोणाचं म्हणून. तुह्या फोनातून सगळ्यायले पत्रिका गेली."

"माह्या फोनातून गेली. म्या नाही धाडली."

"तूच तं उघडली ना!"

हे मात्र खरं होतं. पत्रिका त्यांनीच उघडली होती. गेल्या सोमवारी भागवतच्या नंबरावरून ती आली. भागवत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तिकडे माहेरच्या गावी, बीबीला असतो. वडिलांच्या तेराव्या दिवशी त्याने हक्कसोडीचा कागद बहिणीपुढे सरकवला होता. वडिलांच्या शेतातला तिचा वाटा तिने सोडला, असं त्यावर आधीच छापलेलं होतं, फक्त सही राहिली होती. त्याने आधी एका शब्दानं विचारलं असतं, तर विमलबाईंनी कदाचित हसत सही केली असती. त्याने विचारलं नाही आणि यांनी केली नाही. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून ना राखीला बोलावणं, ना दिवाळीला. माहेरची वाट अशी बुजली की बीबीची एसटी दिसली तरी विमलबाई तोंड फिरवून उभ्या राहत.

आणि त्या भावाच्या नंबरावरून अचानक संदेश आला, 'आमच्या घरच्या शुभकार्यास अगत्य यावे', आणि खाली पत्रिका. भाची समीक्षाचं लग्न ठरलं असणार, दुसरं काय! विमलबाईंनी लगेच ती उघडायला घेतली. पत्रिकेवर बोट ठेवलं तर फोनने विचारलं, हे टाकू का? त्या हो म्हणाल्या. संदेश वाचायला परवानगी देता का? हो. अशी पाच वेळा विचारणा झाली आणि पाचही वेळा त्या हो म्हणाल्या. शुभकार्याच्या बोलावण्याला नाही म्हणू नये, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. पत्रिका काही उघडली नाही. उघडली ती पत्तेवाली बाई.

"फोन मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि बटनाचा घेणार नाही. घरात घूस शिरली म्हणून कोणी घर सोडते का?"

त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि बसस्टँडजवळच्या सारिकाच्या दुकानाची वाट धरली. सारिका मोबाइल दुरुस्त करायची. पोरगी तिशीची, बोलायला फटकळ, पण हाताची चलाख. तिने फोन हातात घेतला, मागेपुढे केला आणि हसली.

"लग्नपत्रिका उघडली का मावशी तुम्हीबी? या हप्त्यातल्या तुम्ही नवव्या. पत्रिका म्हणजे फोटो नाही तं कागद, मावशी. तो नुसता दिसते. जो 'मले तुमच्या फोनात ठेवा' म्हणते, तो पाहुणा नाही, चोर आहे. आणा, काढून देतो दहा मिनटात."

"तू नको काढू. मले दाखव. मी काढतो."

सारिकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. फोन बंद करण्याची खूण दाबून धरायची, म्हणजे तो सेफ मोडमध्ये सुरू होतो आणि बाहेरून आलेली सगळी अॅप झोपून राहतात. मग सेटिंगमध्ये अॅपची यादी. त्यात ती पत्रिका बिनचित्राची, दडून बसलेली. काढायला गेलं तर बटण दबेना, कारण तिने घराचा कारभारच हातात घेतला होता. आधी तो अधिकार काढायचा, मग तिला काढायचं. शेवटी अनोळखी अॅपला दार उघडं ठेवणारी परवानगी बंद करायची. विमलबाईंनी तीनदा विचारलं, दोनदा चुकल्या आणि मग स्वतःच्या बोटाने त्या पत्रिकेला घराबाहेर काढलं. त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी सगळी पद्धत ब्लाउजच्या मापाच्या वहीत लिहून घेतली.

"पण मले हे भावाच्या नंबरावरून कसं आलं?" त्यांनी विचारलं. "त्यानं मुद्दाम धाडलं काय?"

"नाही वो. त्यायचाबी फोन बिमार असंल. त्या फोनात जेवढे नंबर नाव घालून ठेवले असतात, तेवढ्यायले ते आपोआप जाते."

विमलबाईंचा पेन थांबला.

"आणि नाव पुसलेलं असलं तं?"

"तं कायले जाईन?"

विमलबाईंनी वही मिटली. सारिकाचे पैसे दिले, घरी आल्या आणि पिशवीत एक लुगडं आणि ती वही घातली.

"उद्या बीबीले जातो," त्यांनी सांगितलं.

पुंजाजींच्या हातातलं सूप खाली आलं.

"डोकं फिरलं काय तुह्यं? बोलावलं कोणं? मुऱ्हाळी आला काय तुले घ्याले?"

बोलणं लागण्यासारखंच होतं. लेकीला माहेरी न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुऱ्हाळी. तो पिशवी उचलतो आणि लेक मोकळ्या हाताने त्याच्या मागे चालते. मुऱ्हाळ्याशिवाय जाणारी बाई म्हणजे मान नसलेली, असं अजूनही घरोघर मानतात. विमलबाईंनी पिशवीची नाडी ओढली.

"न बोलावता जातो. मले कोणाचं भेव आहे?"

चिखलीला आणि मेहकरला गाडी बदलून दुपारी त्या बीबीला उतरल्या. दारात भावजय शकुंतला शेंगा वाळत घालत होती. नणंदेला पाहून तिच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"समीक्षाचं लग्न आहे ना?" काहीतरी बोलायचं म्हणून विमलबाईंनी विचारलं.

"कोणाचं लग्न? ते तं अजून कॉलेजात आहे!"

आतून भागवत आला. पन्नाशीला टेकलेला, कानशिलं पांढरी झालेला. आधी बोलणार कोण, हा प्रश्न सात वर्षांचा होता. शेवटी विमलबाईच बोलल्या.

"तुह्या फोनातून मले पत्रिका आली. फोन कुठी आहे?"

भागवत ओशाळला. फोन पिठाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळून ठेवला होता, कारण पोरीसमोर भलतंच काही लागायचं. मेहकरच्या दुकानदाराने सांगितलं होतं, सगळं पुसावं लागेल, नाहीतर फेकून द्या.

"आण," विमलबाई म्हणाल्या.

"तुले येते?"

"आणतं का जाऊ?"

भागवतने फोन आणला. विमलबाई पाटावर बसल्या, वही मांडीवर उघडली आणि एकेक ओळ वाचत कामाला लागल्या. अर्ध्या तासात पत्रिका निघाली. मग ती कोणाकोणाला गेली ते त्यांनी पाहिलं, म्हणजे ज्यांना गेली त्यांना सावध करता येईल. यादी लांब होती. प्रत्येक नावापुढे भागवतने गाव किंवा काम घातलेलं होतं. सुधाकर मेहकर. गणेश ट्रॅक्टर. मामा दुसरबीड. पाइपवाला. त्या सगळ्यात एक नाव नुसतंच होतं, त्यापुढे ना गाव ना काम.

आक्का.

विमलबाईंनी पदराने पडदा पुसला. तो स्वच्छच होता. त्यांनी फोन भावाच्या हातात दिला.

शकुंतलेने चहा आणला. कप ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "आलाच आहात तं ताई, तो कागद अजून आहे..."

"सही नाही करणार," विमलबाई म्हणाल्या. "आजबी नाही, उद्याबी नाही. फोन नीट करून देला, तो माह्यावाला आहेर समज."

भागवतने बायकोकडे पाहून नको म्हणून मान हलवली आणि ती आत गेली.

निघताना तो फाटकापर्यंत आला. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

"समीक्षाचं जमलं म्हणजे कळवतो तुले. फोनवर."

"फोनवरची पत्रिका मी आता उघडत नसतो," विमलबाई म्हणाल्या. "भावाची असली तरी. मुऱ्हाळी धाड."

आणि त्या फाट्याकडे चालू लागल्या. ऊन डोक्यावर होतं, पिशवी एकाएकी जड वाटत होती. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर मागून चपलांचा आवाज आला. भागवतने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पुढे झाला.

"पिशवी घेतली म्हणून सही भेटन असं समजू नको," विमलबाई मागून म्हणाल्या.

"मालूम आहे," भागवत मागे न पाहता म्हणाला.

एसटी यायला अजून वेळ होता. विमलबाई मोकळ्या हाताने त्याच्या मागे चालत राहिल्या.