चंचीतला चिनी मातीचा दात

मी एक जुना दात आहे, मित्रांनो. पण कुणाच्या हिरडीतून उगवलेला नव्हे. पुण्याच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला चिनी मातीच्या लगद्यातून घडवलं आणि इवल्याशा भट्टीत तीनदा भाजलं. माझ्यात धातूचा कण नाही. त्यामुळे मी असा हुबेहूब झालो, की खरा दातही माझ्यापुढे लाजावा!

पिंपरीच्या नव्या कारखान्यात साखळीचा फटका बसून ज्योतीरामचा पुढचा दात मोडला होता. डॉक्टरांनी उरलेला दात घासून त्याचा बारीक खुंट केला आणि त्यावर मला टोपणासारखं बसवलं. "याने काही फोडायचं नाही हं," त्यांनी बजावलं. ज्योतीराम घरी येऊन हसला, तेव्हा त्याची बायको दुर्गाबाई लाजून म्हणाली, "अगं बाई, लगीन झालं तवा असंच दिसायचा तुमी!"

पण सवय कुठली जाते? अडकित्ता हाताशी असताना या बहाद्दराने दाताखाली सुपारी धरली आणि मी सुटून तळहातावर पडलो. रविवारी पुण्याला जाऊ म्हणून त्याने मला पानाच्या चंचीत टाकलं.

तो रविवार आलाच नाही. सत्तावन्न सालचा श्रावण होता, पवना फुगली होती. पाळी संपवून सातजण होडीने घरी निघाले. ज्योतीरामने शेजारच्या चिमाजीकडे चंची दिली. आमच्याकडे चंची अशीच फिरते. चिमाजीने पान जमवलं, चंची स्वतःच्याच कमरेला खोचली आणि होडी कलंडली. पाचजण पोहून निघाले. ज्योतीराम कुठे गेला, ते चंचीतून मला दिसलंच नाही. चिमाजीचे पाय मात्र झाडत राहिले, झाडत राहिले, मग थांबले. अजून मला ते थांबणं ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी एकच प्रेत लागलं. अंगावर कारखान्याचा खाकी गणवेश, चेहरा ओळखण्यापलीकडे सुजलेला. कमरेला चंची, चंचीत मी. मला पाहताच सगळे म्हणाले, ज्योतीरामच! मी ओरडत होतो, "नाही हो, नाही!" पण तोंडाबाहेरच्या दाताचं कोण ऐकतं?

प्रेत ज्योतीरामच्या अंगणात ठेवलं. बायका दुर्गाबाईच्या बांगड्या फोडायला जमल्या. तिला पोटाशी धरून सर्वांत मोठ्याने रडत होती ती चिमाजीची बायको, गोजाबाई. रडता रडता ती मनात देवाचे आभारही मानत असणार. तिचा माणूस अजून सापडला नव्हता ना!

दुर्गाबाईने हात सोडवून घेतला. "भावजी, त्यांचं त्वांड उघडा."

धाकटा दीर सोपानराव कळवळला. "वैनी, आता काय बघायचं राह्यलंय? चंची त्याची, दात त्याचा."

"दात हितं हाय, तर तिथं खुंट दिसंल. उघडा म्हणते ना!"

सोपानरावाने ओठ वर केला. दातांची ओळ अखंड होती. खुंट नव्हता.

दुर्गाबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला. मग तिची नजर गोजाबाईकडे गेली आणि तो विझला. ती गप्प राहिली असती, तर? पण तिने गोजाबाईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"गोजे... ह्यो माझा न्हाई गं."

गोजाबाईने फोडलेला टाहो मी कसा विसरू? दुर्गाबाईसाठी आणलेल्या दगडावरच तिच्या बांगड्या फुटल्या.

ज्योतीराम पुढे कधीच सापडला नाही. दुर्गाबाईने मला कुंकवाच्या करंड्यात ठेवलं. तिचे केस पिकले, दात पडले. मी तसाच पांढराशुभ्र. मित्रांनो, तुमच्या वस्तू जरूर जपा, पण वस्तूच्या शब्दावर माणसाला निरोप देऊ नका. एकदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहा.

रोज सकाळी ती करंडा उघडते, कुंकू लावते आणि मला विचारते, "सांग की रं, कुठं सोडलंस त्यास्नी?"

मला ठाऊक नाही, मित्रांनो. देवाशपथ, मला ठाऊक नाही.