मागची फळी

मी कुलूप बोलतोय. नीट ऐका, दोनदा सांगायची मला सवय नाही. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण कॉलेजात बरीच वर्षं लटकलो.

जन्म लोहाराच्या भात्यापुढचा, विक्री सिंदीच्या बाजारातली. तिथून वर्ध्याच्या एका नव्या कॉलेजात आलो. प्राचार्यांनी मला पुस्तकांच्या कपाटाला टांगलं, किल्ली फिरवून खिशात टाकली अन् म्हणाले, "आता पुस्तकं सुरक्षित!" ती किल्ली पुन्हा काही माझ्याकडे फिरकली नाही. मी गंजलो. आत खुडबुड व्हायची. मला वाटे, उंदीर.

मग युनिव्हर्सिटीची तपासणी समिती यायची ठरली. तिला कॉलेज पसंत पडलं तर इथंच बी.ए.चे वर्ग, नाहीतर इंटरची दोन वर्षं झाली की नागपूर गाठायचं. इथं शिकणाऱ्या बोरगाव मेघ्याच्या सुलोचनेला तिच्या बापानं, प्रेमदासनं, सांगूनच टाकलं होतं, "वर्ध्यात हाये तोवर शीक. नागपूरले मी धाडत नाई."

समिती आली. भिंतींना ताजा चुना, शिपाई किसनरावच्या डोक्यावर नवी टोपी. समितीतले म्हातारे साहेब सरळ माझ्यापुढं उभे.

"उघडा."

किल्ली फिरेना. किसनरावनं जवसाचं तेल पाजलं, ठोकलं. "काऊन रुसला बे? आज तरी उघड ना!" मी काय मुद्दाम करत होतो? हाडं आखडली होती.

"गंजच सांगतोय, इथं कुणी वाचत नाही," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

दारातून सुलोचना पुढं आली. "थांबा साहेब. ते मागून उघडते."

"मागून?"

"फळी ढिली हाये. आमी सारे तिथूनच पुस्तकं काढतो, वाचून परत ठेवतो. मले कॉलेजातून काढाचं असन तर काढा, पण वाचत नाई असं लिहू नका."

कपाट सरकवलं, फळी निघाली. पुस्तकांचे कोपरे मऊ पडलेले, पानांत खुणेला कडुनिंबाच्या काड्या, एकावर हळदीचं बोट.

"ही चोरी आहे!" प्राचार्य ओरडले.

साहेब मात्र हसत सुटले. "कोरी पुस्तकं मी कॉलेजा-कॉलेजांत पाहिली. इतकी मळकी पहिल्यांदाच!" बी.ए.ची शिफारस झाली. अट एकच : कुलूप काढा.

किसनरावनं कपाटाची कडी कापून मला उतरवलं. अजून चिडवतो, "काय चौकीदार, सापडले का उंदीर?"

सुलोचना आता बी.ए.च्या वर्गात बसते. मी वाचनालयाच्या दाराखाली पडलेला. वाऱ्यानं दार मिटू नये म्हणून मला तिथं अडकवलंय. पोरं ठेचकाळतात, शिव्या देतात. देऊ देत, लटकण्यापेक्षा बरं. फक्त एक करा बाप्पा, मला तेल पाजू नका. चुकून चालू झालो, तर पुन्हा कुठंतरी टांगाल.