इंग्रजीची झडती

मुखरूले सहावीतून कोणी काढलं नाई, तोच निघाला. बोलाले सारखे अन् लिहाले येगळे अशा इंग्रजी शब्दाईपायी मास्तरनं हातावर छडी मारली. यानं छडीचे दोन तुकडे केले अन् सरळ घरी. पण शब्द पक्के राह्यले. छडीनं शिकलेलं कुठी जाते?

त्या साली गावात रातची शाळा निघणार होती, अन् मास्तर गावातलाच पायजे होता. उभे राह्यले दोघं: मुखरू, अन् पाटलाच्या साळ्याचा पोरगा लच्छू. मुखरूले मास्तरकी पायजेच होती. नाई तं दिवाळी झाली का मामा त्याले मुलचेऱ्याच्या जंगलात बांबू तोडाले नेणार होता.

गुणवंतराव पाटील म्हणाले, “साहेब आला तं मास्तरले इंग्रजी बोलता आली पायजे. परवा पोळा हाये. तोरणाखाली दोघाची इंग्रजीत झडती होऊन जाऊ द्या.”

पोळ्याले बैलाईपुढं ओरडून म्हणाच्या झडतीचा कायदा शेंबड्या पोराले बी मालूम. एकानं म्हणाची, दुसऱ्यानं तोड द्याची. म्हटलेली परत म्हटली का बाद.

पोळ्याच्या दिवशी बैलाईपुढं लच्छू छाती काढून ओरडला, “ठेसन!”

“हर हर महादेव!” गाव गरजलं.

“सन! म्हणजे सूर्य,” मुखरू म्हणाला.

“हर हर महादेव!”

“तिकीट!” लच्छू म्हणाला. बल्लारपूरले दोनदा जाऊन आलेला, तिथली कमाई काढून राह्यला, हे मुखरूले दिसत होतं. त्याले हसू आलं. आता याले खरी इंग्रजी दाखवतो.

“सन! म्हणजे पोरगा!”

म्हातारा लटारूभाऊ म्हणाला, “बाद! हे तं आत्ताच म्हटलं.”

“अर्थ येगळा हाये नं भाऊ! लिहाची तऱ्हा बी येगळी!”

“मंग घरी जाऊन लिहजो. इथी तोंडाचं काम हाये.”

पाटलानं मोठ्या मनानं अजून एक डाव देला. मुखरूची कानशिलं तापली. “सी, म्हणजे पाह्यनं! अन् सी, म्हणजे समुद्र!”

लोकं खदखदा हसले. शकुबाईले मात्र कीव आली. “बाप्पा, गरीबाचं लेकरू! दोनच शब्द हायेत जवळ, तेच फिरवून फिरवून वापरून राह्यलं!”

मुखरू पाटलासमोर जाऊन उभा राह्यला. “तुमाले येते का इंग्रजी?”

“मले कशाले येईन?” पाटील शांतपणे म्हणाले. “मी पंच हाओ.”

मांगून लच्छू ओरडला, “मोटर!” अन् गावानं त्याले खांद्यावर घेतलं.

दिवाळी झाली. मामानं मुखरूले जंगलात ठेकेदाराच्या मुनशीपुढं उभं केलं. मुनशीनं त्याले वरून खाली पाह्यलं.

“इंग्रजी-बिंग्रजी तं येत नाई नं? मांगच्या साली एक शिकलेला घेतला, त्यानं रोज भांडणं काढले.”

मामानं घाबरून भाच्याकडं पाह्यलं. मुखरू दात खाऊन म्हणाला, “नाई येत. साऱ्या गावासमोर पंचानं ठरवलं हाये.”

“शाब्बास!” मुनशी म्हणाला. “मले असाच पोरगा पायजे होता.”